पैल्या हाकेला ओ

त्या दगडावर नगा बसू, चष्मेवालं भाऊ. उठा, उठा. चावतो त्यो दगुड.

बघा कसं टुनकन उठलं! चावत न्हाई वो. दगडाला कुठनं दात, हितं माझ्याच तोंडात न्हाईत. पन बसू नये त्याच्यावर. ह्या निगडोळ गावात कुनीच बसत न्हाई. शेरडंसुदिक बसत न्हाईत असं सांगत्यात. शेरडं बसत्यात, मी बघितलंय. पन मानूस न्हाई.

ह्या टेकाला पांढरटेक म्हनत्यात. खाली समदं रान काळं, आन हितली माती तेवढी पांढरी, कोरडी. मूठभर घेऊन बघा, हाताला चिकटत न्हाई. आन ह्यो दगुड म्हंजी झाकन हाय. खाली पेव हाय. पेव म्हंजी भुईत खांदलेली धान्याची कोठी. तोंड बारीक, पोट मोठं, रांजन पुरल्यागत. बारीक मानूस तोंडातनं कसंबसं आत उतरंल, एवढंच. ठकीचं पेव म्हनत्यात ह्याला. आन ह्या फटीफटीतनं जी चार ताटं उगवल्यात ना, गवत न्हाई ताई ते, खपली गहू हाय. कुनी पेरत न्हाई हितं. शिमग्याला आमी बाया हितं ओंब्या ठिवतो, त्यातलंच दानं सांडून उगवत असत्याल. पन गाव म्हनतं, त्यो आतनं येतो. येऊ दे. गावाच्या तोंडाला कोन लागंल.

आता मला एक सांगा. मगाशी तुमी टेक चढत व्हता, तवा मी मागनं हाक मारली का न्हाई? "ओ पाव्हनं!" म्हनून? मारली. आन तुमी समद्यांनी ऐकली. ऐकून एकानं तरी ओ दिली का? ह्या ताईनं मान वळिवली, आन ह्या उंच दादानं तर पाय उचलला.

तुमचा दोष न्हाई. तुमच्या आयांनी शिकिवलेलं असंल, रानात पैल्या हाकेला ओ देऊ नये, भुताची असती. भूत एकदाच बोलवतं, मानूस तीनदा बोलवतं. समद्या मुलखात असंच हाय. आमच्या गावात उलटं हाय. हितं पैल्या हाकेला ओ द्यायची. तोंडात घास असंल तर घासासकट द्यायची. नवरा-बायकूचं भांडान असंल, एकाचं तोंड उगवतीला आन एकाचं मावळतीला, तरी तिनं "अवं" म्हनलं का ह्यानं "ओ" म्हनायचं. मंग पुना भांडायचं. भुताची हाक आली तर? येऊ दे की. आमी भुतालाबी ओ देतो. भुताला तरी दुसरं कोन हाय?

का, ते सांगते. पानी प्या आदी.

लई जुनी गोष्ट हाय. किती जुनी ते मला इचारू नगा. मी दुसरीपतुर शिकले, आन त्यातली एक दुसरी दोनदा. तवा निगडोळात गहू न्हवता. जुंधळा व्हता, बाजरी व्हती, हुलगं व्हतं. गहू म्हंजी देवाचं आन पाव्हन्याचं अन्न. कुनाच्या घरी लगीन निघालं तर नदीकाठच्या गावांतनं पायलीभर मागून आनायचा. म्हाताऱ्या मानसाला मरायच्या आदी गव्हाची खीर चाखू द्यायची, म्हंजी जीव सुखानं जातो, असं म्हनत. एखादं म्हातारं तर खीर खाऊन पुना उठून बसायचं म्हनं.

अशा गावात बनाबाई नावाची एक बाई व्हती. दोन ल्योक. तिची जीभ अशी का कोयता बरा. थोरल्याची बायकू भागू, ती गावातलीच, गरीब, मान खाली घालून राहनारी. धाकटा सटवा. त्याला नदीकाठची सून केली. तिचं नाव ठकू.

ठकीचं माहेर गरीब व्हतं. पोरीला सासरी धाडायच्या येळंला आईनं तिची ओटी गव्हानं भरली. पन खपली असा गहू हाय, का त्याचं फोल दान्याला घट्ट धरून बसतं. नुसत्या मळनीनं निघत न्हाई. पानी शिपडून उखळात घालून कांडावं लागतं, हात भरून येत्यात. त्या माऊलीला कांडायला येळ मिळाला न्हाई, का अंगात ताकत नव्हती, देव जाने. तिनं फोलासकट गहू पोरीच्या पदरात घातला.

हितं आल्यावर सासूनं ओटी सोडून बघितली. आन चार बायांत म्हनली, "आगं बया! ईहीनबाईनं माझ्या सुनंच्या वटीत कोंडा घातलाय. मी काय म्हस केलीया व्हय?"

समद्या हसल्या. नवी नवरी रडंल असं वाटलं व्हतं त्यांना. ठकी म्हनली, "आत्याबाई, म्हस असते तर दूध तरी दिलं असतं. आता सून केलीया, भोगा."

तवापासनं दोघींचं जुंपलं. जुंपलं म्हंजी वैर न्हवं. आता कसं सांगू? बनाबाईला उभ्या जल्मात कुनी उलटं बोललं न्हवतं. भागू तर तिच्या सावलीला भ्यायची. ही आली आन उलटी बोलली, आन म्हातारीला ते आवडलं. पन आवडलं असं सांगायचं कसं? मंग ती आनखी शिव्या द्यायची. काही घरांत मायेला दुसरं तोंडच नसतं.

त्या ओटीतला गहू ठकीनं खाल्ला न्हाई. वड्याकडंला काळ्या रानाची एक पट्टी व्हती, दसरा झाल्यावर तिथं तिनं त्यो फोलासकट टोकला. आन बघा, ज्या फोलाला सासू हसली व्हती, त्या फोलानंच दाना राखला. खपलीला उसागत पानी लागत न्हाई. भुईतली वल आन वरनं थंडी, एवढ्यावर येतो. माघात ओंब्या आल्या. मोरपिसागत लांब कुसळं. गाव बघाया आलं. पैल्या साली ओंजळभर आला, त्यो पुना पेरला. दुसऱ्या साली पाटीभर. असं करत करत वड्याकडंचं समदं काळं रान गव्हाचं झालं. ज्याला त्याला ठकीनं मूठमूठ दिला. देताना एकच सांगायची, बियानाचा दाना खायचा न्हाई.

आन खोड्या! बया बया. वाळल्या ओंबीचं कुसळ कुनाच्या बाहीत उलटं सोडलं, तर मानूस जसा हलंल तसं ते वर वर चढतं. गावच्या पाटलाच्या बंडीत तिनं सोडलं व्हतं म्हनं, भर पंचायतीत. पाटील न्याय करायचा सोडून नाचाया लागला.

पन तिची खरी खोडी एकच व्हती. लपायचं, आन हाक मारली का ओ द्यायची न्हाई. भुसकाटात लपायची, धान्याच्या रिकाम्या कनगीत बसायची. सासू दारातनं वरडायची, "ठके! ए ठके!" आवाज न्हाई. "मेलीस का गं?" आवाज न्हाई. म्हातारी आदी शिव्या द्यायची, मंग धाकट्याला बोलवायची, मंग भागूला, मंग तिचा आवाज कापाया लागायचा. डोळ्यात पानी आलं का मंग कनगीतनं आवाज यायचा, "कू!"

"आगं माझा जीव गेला असता!"

"म्हंजी माझ्यात हाय तर तुमचा जीव! मला वाटलं म्हशीत हाय."

दर येळंला असंच. हाक मारनारी हरायची, लपनारी जिंकायची. म्हातारीनं एकदा भागूला सांगितलं व्हतं, "एक दिस मी हाकच मारनार न्हाई. बघू कोन हरतंय."

भागूनं ते ध्यानात ठिवलं. म्हनून तर आपल्यापतुर आलं.

गहू वाढला, तसं उंदरं वाढलं. कनग्या पोखरून काढल्या. तवा ठकी म्हनली, माझ्या माहेरी भुईत पेव करत्यात. तिनंच ही पांढरटेकाची जागा काढली. तिच्या सांगन्यावरनं गावानं खांदलं. आतनं श्यान-मातीनं लिपलं, आत जाळ करून वाळिवलं, तळाला आन कडंनं काड घातलं, मंग गहू वतला, वर दगुड ठिवून चिखलानं तोंड बंद केलं. वारा जाईना का मुंगी जाईना.

पेव भरायचं समदं तिला येत व्हतं. लहानपनी तिनं माहेरी काड वाहिलेलं, लिपायला श्यान कालवलेलं. पन पेव उघडायचं काम तिकडं गडीमानसांचं. पोरीबाळींना जवळ येऊ देत नसत. "लांब व्हा गं" एवढंच तिनं ऐकलेलं. का लांब व्हायचं, ते कुनी सांगितलं न्हाई, आन तिनं इचारलं न्हाई. भरायचं शिकली व्हती, उघडायचं न्हाई. समदं गावच असं अर्धं शिकलं.

त्या पेवात गावानं बियानाचा गहू ठिवला, घराघराचा, एकात.

पुढल्या सालची पेरनी घरात मागं ठिवलेल्या बियानावर झाली, पेव तसंच बंद राहिलं. आन त्याच साली तांबेरा पडला.

तुमी बघितलाय का तांबेरा? बघू नगा. पौषातच आभाळ धरलं. थंडीच्या दिसांत थंडी न्हाई, रोज सकाळी दाट धुकं. आदी एका पानावर तांबडा ठिपका. मंग समदं पान. मंग समदं रान. गव्हातनं मानूस चाललं का धोतार गुडघ्यापतुर कुक्कवागत लाल. वारा सुटला का रानावरनं तांबडी भुकटी उडायची. ओंब्या आल्या, पन आत दाना न्हाई, नुसतं वाळलेलं साल. त्या साली खळंच केलं न्हाई कुनी.

आता गावाकडं गहू उरला त्यो फकस्त ह्या पेवातला.

पावसाळा लागला. घरातला जुंधळा सरत आला. लोकांचं डोळं ह्या टेकाकडं वळाया लागलं. दहा तोंडं बोलाया लागली, पोटाला न्हाई आन बियानं जपून काय करायचं, उघडा पेव. ठकी हितं येऊन बसली. ह्याच दगडावर. हितंच भाकरतुकडा खायची, हितंच वाकळ शिवायची. म्हनायची, "मला उचला आन मंग दगुड उचला." तिला कोन उचलनार? हात लावला तर ती कुसळ सोडंल, ही भीती. हसून हसून तिनं गाव परत पाठिवलं. घरी गेल्यावर लोकांनी रानातली कुरडूची भाजी खाल्ली, पन पेव ऱ्हायलं.

बनाबाई त्या पावसाळ्यात आजारली. खोकला धरला, अन्न जाईना. एक दिस सुनंला म्हनली, "ठके, मला वाटीभर खीर करून दे गं. कोन जाने उद्याचं."

ठकी गप झाली. ती गप झालेली म्हातारीनं तवा पैल्यांदा बघितली. मंग म्हनली, "आत्याबाई, पेरनी झाली का जे खाली उरंल, त्याची पैली खीर तुमची. मीच कांडून, मीच शिजवून देते. तवर मरायचं न्हाई. मेलात तर माझ्याशी गाठ हाय."

म्हातारी तोंड फिरवून झोपली. तिला राग आला व्हता म्हनं. खिरीचा राग लई वाईट, बाळांनो. मोठ्या मानसाला लहान करतो. पन ती बरी झाली. रागानंच बरी झाली म्हनत्यात.

दसरा सरला. परतीचा पाऊस पडून गेला आन रानाला वाफसा आला. वाफसा म्हंजी रान ना वलं ना कोरडं, पेरायला अगदी जोगं. त्यो कुनासाठी थांबत न्हाई. त्यातनं ऊन असं कडक पडलं का आज पेरलं न्हाई तर उद्याला रान वाळून उलंल. गडी समदं सकाळीच पेरायच्या पाभरी जुपून रानात गेलं, आन बायांना सांगितलं, बियानं काढून पाठवा, लवकर.

बाया टेकावर आल्या. बनाबाई व्हती, भागू व्हती, शेजारपाजारच्या व्हत्या. चिखल फोडला, दगुड सरकिवला. आतनं उबट, आंबूस वास आला. बाया म्हनल्या, गहू कोंडलाय, वास यायचाच.

ठकीनं पदर खोचला. "माझ्या वटीतला गहू हाय. मीच काढनार." दोराला पाटी बांधली, आन ती आत उतरली. पेव अर्ध्यापतुर भरलेलं व्हतं, म्हंजी गव्हावर उभं राहिलं तर तोंड डोक्याच्या वर हातभर राहिलं. आतनं तिचा आवाज घुमाया लागला.

"आत्याबाई! लई गार हाय हितं. तुमच्या मायेगत!"

वर बाया हसल्या. म्हातारी म्हनली, "बडबड कमी कर, पाटी भर."

एक पाटी भरली. दोराला हिसका दिला. वर वढून घेतली. रिकामी पाटी खाली सोडली. मंग आतनं आवाज आला, "आत्याबाई, डोस्कं जड झालं वो. तुमचं बोलनं ऐकून ऐकून."

पुना समद्या हसल्या. म्हातारीसुदिक हसली, पदर तोंडावर धरून.

मंग आवाज थांबला.

भागू वाकून म्हनली, "ठके?" आत नुसता अंधार, आवाज काई न्हाई. ती पुना हाक मारनार, तवर म्हातारीनं तिचा हात धरला. व्हटावर बोट ठिवलं. डोळं लहान पोरागत चमकत व्हतं तिचं. हळूच म्हनली, "लपलीया. वळखते मी तिला. आज हाक मारायची न्हाई. आज तीच हरनार."

आन बाया बसल्या. हितं, ह्या दगडाच्या भवतीनं, आपुन बसलोय तशाच. हसू दाबून. एकीला हसू आवरंना तर दुसरीनं तिच्या तोंडावर हात ठिवला. गावातल्या बाया एवढ्या कवाच गप बसल्या न्हवत्या म्हनं.

मधी एकदा दोर जरासा हलला.

भागू म्हनली, "आत्याबाई, दोर हलला."

म्हातारी म्हनली, "हलू दे. बोलाव म्हनतीया आपल्याला. तू बोललीस का ती जिंकली."

भागू गप बसली. तिला सासूचा शब्द मोडायची सवय न्हवती.

मंग रानाकडनं सटवा आला, पळत. बैलं खोळंबल्यात, बियानं कुठाय? म्हातारी हसत म्हनली, "तुझ्या बायकूला इचार. आत बसलीया रुसून."

सटवा वाकला. "ठकू!" आवाज न्हाई. "ठकू!" त्यानं मान आत घातली आन झटक्यानं बाहेर काढली. त्याचं डोळं फिरलं, आन त्यो तितंच हातावर टेकला. म्हनला, "आई, आत जीव राहत न्हाई."

त्या येळंला बनाबाईनं हाक मारली. "ठके!" म्हनली. टेकाखालच्या रानात नांगरल्या ढेकळांपतुर गेली ती हाक. "ठके! हरले गं! मी हरले, ओ दे!"

बायांनी सुपं आनली आन पेवाच्या तोंडाशी वारं घालाया लागल्या. खळ्यात उफनताना घालत्यात तसं. गड्यांनी कुदळी मारून तोंड रुंद केलं. मंग तिला वर काढली.

दुसरी पाटी भरलेली व्हती. काठोकाठ. दोराची गाठ मारलेली व्हती, घट्ट, नीट. फकस्त वढा म्हनून सांगायचं राहिलं व्हतं. का तिनं सांगितलं व्हतं, दोरानं, ते कुनाला ठावं.

चष्मा पुसा भाऊ. मी बघत न्हाई तुमच्याकडं.

आता पुढचं ऐका, कारन गोष्ट तिच्या मरनाची न्हाई, गव्हाची हाय. घरात मयत झालं म्हंजी सुतक लागलं. सुतकात पेरनी करत न्हाईत. गाव भावकीचं, समद्यांनाच सुतक. सुतक फिटंस्तवर वाफसा जानार, आन उघडं पडलेलं बियानं वल धरून नासनार. गडी माना घालून उभं. सटवा तर तिच्या उशाशी बसला तो उठंना. कुनीतरी म्हनलं, पेव बुजवा. नगं तो गहू.

बनाबाई उठली. खोकल्यानं वाळून काडी झालेली बाई. ती दुसरी पाटी, ठकीनं भरलेली, तिनं डोक्यावर घेतली. कुनी हात लावाया आलं तर लावू दिला न्हाई. म्हनली, "सुतक माझं हाय. माझ्या एकटीचं. मी मारलंय तिला. जल्मभर धरीन मी, गावानं धरू नये. बैलं जुपलेली हायती, त्यांना वळवू नगा. ती हितं बसून राहिली ते कशापायी? पेरा."

आन ती टेक उतरून रानात गेली. पाभरीच्या चाड्यावर, जितनं दाना भुईत सुटतो तितं, पैली मूठ तिनं धरली. एकीकडं बाया ठकीला न्हाऊ घालत व्हत्या, आन एकीकडं गडी तिचा गहू पेरत व्हतं. दिस मावळायच्या आत दोन्ही कामं झाली. समदी गडीमानसं रडत पाभर हानत व्हती म्हनं. त्या साली पैलं पानी डोळ्याचंच मिळालं रानाला.

वारं घालून घालून पेरनीपुरतं बियानं वर काढलं, तरी पेवाच्या तळाला थोडा गहू उरला व्हता. खिरीचा गहू. त्यो काढायला कुनी उतरंना. बनाबाई म्हनली, राहू दे. वटीत घेऊन आली व्हती, वटीत घेऊन जाऊ दे. तिनं दगुड ठिवला, आन स्वताच्या हातानं चिखलानं लिपला.

त्या साली गहू असा आला, का तसा पुना आला न्हाई म्हनत्यात. शिमग्याला भागूनं खीर केली, गूळ घालून, येलची घालून, आन सासूपुढं वाटी ठिवली. म्हातारीनं वाटी कपाळाला लावली आन टेकावर आनून वतली. मेली तवर तिनं गव्हाचा दाना तोंडात घातला न्हाई. आन बोलनंच आटलं तिचं. शिव्या गेल्या, कोयता गेला. पन कुनीबी हाक मारू दे. तिला न्हवं, कुनालाबी. शेजारीण आपल्या लेकराला बोलवायची, "ए बाळ्या!" तर बनाबाई आपल्या वसरीवरनं ओ द्यायची. कुनी गाईला हाक मारली तरी ओ द्यायची. पोरं आदी हसायची. मंग हसायची बंद झाली. मंग पोरंच लवकर ओ द्याया लागली, म्हातारीला द्यायला लागू नये म्हनून. ते वळनच पडलं गावाला.

मरताना समदी तिच्या भवतीनं बसली व्हती. घर गप व्हतं. कुनीच काई बोललं न्हवतं. आन म्हातारीनं एकदम डोळं उघडलं, ह्या टेकाच्या दिशेनं बघितलं, आन चांगलं खनखनीत म्हनली, "ओ! आले गं."

कुनी हाक मारली न्हवती वो. पन भागू पुढं सांगायची, टेकाकडनं आलेलं हसू तिनं सवता ऐकलं म्हनून.

आता तुमी म्हनाल, म्हातारी, खरं काय आन खोटं काय? मला काय ठावं. मागं कालेजातली पोरं आली व्हती, पेव उघडू द्या, जुनं बियानं बघायचं हाय म्हनाली. गाव न्हाई म्हनलं. कुनाची भरली ओटी सोडून बघत न्हाईत, बाबा. एकीची बघितली व्हती, तिला कोंडा म्हनलं व्हतं, तेवढं बास झालं.

आता पेवं कुठं राहिली? घरोघरी पत्र्याच्या कोठ्या आल्या, पिलाष्टिकची पिंपं आली. गहू तरी खपली किती जन करत्यात, दोन-चार घरं. बाकी समदा पोत्यातला. पन आजही निगडोळात बाई गव्हाच्या कोठीचं झाकन उघडती, ते उघडून बाजूला होती. लगीच हात घालत न्हाई. वाकून म्हनती, "येऊ का गं, ठके?" आन जरा थांबती. सुपानं दोन वारं घालती. मंगच हात घालती. माझी नातसून शिकलेली हाय, मोबाईलवर पिच्चर बघत कोठी उघडती, पन ती सुदिक इचारती. आजही गव्हाच्या पेरनीला आमच्याकडं सुतक आडवं येत न्हाई. आजही गावात हाक मारली का समोरनं लगीच आवाज येतो, आन आला न्हाई तर हाक मारनारा हातातलं टाकून पळत सुटतो.

आन लपाछपी आमची पोरं खेळत न्हाईत. बाकी समदं खेळत्यात.

चला, ऊन उतरलं. तुमाला खाली एसटीला जायचं असंल. वाट निसरडी हाय, जपून. ह्या फटीतल्या ताटाला पाय लावू नगा. जावा, जावा. मी बसते हितं घटकाभर.

अवं चष्मेवालं भाऊ!

हां. अशी द्यायची ओ.

काई न्हाई, काम काई नव्हतं. जावा.